ओइदा: पाहिले म्हणून जाणतो

प्राचीन ग्रीक भाषेत 'जाणणे' या अर्थाचे सर्वात साधे, सर्वात वापरातले क्रियापद 'ओइदा' असे कोशात नोंदलेले असते. ग्रीक कोशकार धातू देत नाहीत. ते 'मी'चे रूप देतात, म्हणून 'ओइदा' म्हणजे 'मी जाणतो', 'मला ठाऊक आहे'. नवा विद्यार्थी इथे पहिल्यांदा अडखळतो, कारण अर्थ वर्तमानकाळाचा असला तरी रूप वर्तमानकाळाचे नाही. ते ग्रीक पूर्णकाळाचे आहे. ज्या मूळ धातूपासून ते आले, त्याचा अर्थ 'पाहणे' असा होता. म्हणजे शब्दशः 'ओइदा' हे 'मी पाहिले आहे' असे विधान आहे, आणि ग्रीक माणूस ते 'मला माहीत आहे' या अर्थाने उच्चारत असे.

ग्रीक पूर्णकाळ समजून घेणे मराठी माणसाला मुळीच जड जाऊ नये. आई मुलाला गणित समजावते आणि विचारते, "कळलं?" मूल म्हणते, "कळलं." क्रियापद भूतकाळी आहे, पण चौकशी आणि उत्तर दोन्ही आत्ताच्या स्थितीबद्दल आहेत. कळण्याची क्रिया होऊन गेली आणि तिच्यातून निघालेली अवस्था आता चालू आहे. ग्रीक पूर्णकाळ नेमके हेच सांगतो. झालेल्या क्रियेपेक्षा तिने मागे ठेवलेल्या अवस्थेवर त्याचे लक्ष असते. 'ओइदा'च्या बाबतीत ही अवस्था इतकी पक्की झाली की मूळ क्रिया बोलणाऱ्याच्या मनातून पुसली गेली आणि उरले ते निव्वळ 'जाणतो'.

पूर्णकाळाची ग्रीक रूपे ओळखण्याची एक ठळक खूण असते. धातूचे पहिले अक्षर दुप्पट होते. संस्कृतात 'कृ'चे 'चकार' आणि 'गम्'चे 'जगाम' होते, तशीच ही द्विरुक्ती. 'ओइदा'त मात्र ती नाही, म्हणून व्याकरणाची पुस्तके त्याला 'अनियमित' क्रियापदांच्या यादीत टाकतात आणि विद्यार्थ्याला रूपे घोकायला सांगतात. माझ्या मते हा मोठा अन्याय आहे. या क्रियापदातली प्रत्येक 'अनियमितता' म्हणजे फार जुन्या नियमाचा जपून राहिलेला अवशेष आहे, आणि तो ओळखण्याची साधने संस्कृतची तोंडओळख असलेल्या कोणाही मराठी वाचकाजवळ आधीपासून आहेत.

रूपे शेजारी ठेवून पाहू. ग्रीकमध्ये एकवचनात मी, तू, तो या क्रमाने 'ओइदा, ओइस्था, ओइदे', आणि अनेकवचनात 'इस्मेन, इस्ते, इसासि'. संस्कृतात त्याच क्रमाने 'वेद, वेत्थ, वेद' आणि 'विद्म, विद, विदुः'. होमरच्या काव्यात 'इस्मेन'च्या जागी 'इद्मेन' असे अधिक जुने रूप येते, ते 'विद्म'च्या आणखी जवळ जाते. शेवटच्या दोन रूपांत दोन्ही भाषांचे प्रत्यय वेगळे पडले आहेत, पण बाकीची जुळणी थक्क करणारी आहे. संस्कृत 'वेद'लाही द्विरुक्ती नाही. तेही पूर्णकाळाचे रूप आहे आणि त्याचाही अर्थ वर्तमानकाळाचा, 'मी जाणतो', असा आहे. दोन भाषा हजारो मैलांवर वाढल्या, तरी एकाच क्रियापदात एकच अपवाद दोघींनी सांभाळला. अपवादांतले असे साम्य शब्दांतल्या साम्यापेक्षा फार बळकट पुरावा असतो, कारण शब्द उसने घेता येतात, पण अपवाद कोणी उसने घेत नाही. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे मांडले, तेव्हा त्यांनी धातूंबरोबर व्याकरणाच्या रूपांवरही बोट ठेवले होते. १८१६ साली फ्रांट्स बॉप यांनी क्रियापदांच्या रूपांची तुलना करूनच या अभ्यासाला शास्त्राचे रूप दिले.

एकवचनात 'ओइद्' आणि अनेकवचनात 'इद्', असे दोन अवतार का? संस्कृतात 'वेद्' आणि 'विद्' का, याचे उत्तर तेच आहे. मूळ भाषेत एकवचनी रूपांत आघात धातूवर पडत असे आणि अनेकवचनात तो प्रत्ययाकडे सरकत असे. आघात गेला की धातूतला स्वर गळून तो आखूड होई. वैदिक संस्कृतात हा आघात अजून ऐकू येतो: 'वेद'मध्ये तो पहिल्या स्वरावर आहे, 'विद्म'मध्ये शेवटच्या. संस्कृत व्याकरणात ज्याला 'गुण' म्हणतात, ते 'इ'चे 'ए' होणे, या जुन्या आघाताच्या खेळाचाच भाग आहे. ग्रीकने आपला आघात शब्दाच्या सुरुवातीकडे हलवला, पण स्वरांतला फरक तसाच ठेवला. जर्मन माणूस आजही 'मी जाणतो' म्हणताना 'इश वाइस' म्हणतो आणि 'आम्ही जाणतो' म्हणताना 'वीर विसेन'. 'वाइस'मधला 'आइ' आणि 'विसेन'मधला 'इ' हा तोच एकवचन-अनेकवचनाचा भेद आहे.

या क्रियापदाचे वेगळेपण पाणिनीच्याही नजरेतून सुटले नव्हते. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एक चिमुकले सूत्र खास 'विद्' धातूसाठी आहे. त्यानुसार 'विद्'च्या वर्तमानकाळात नेहमीच्या प्रत्ययांऐवजी विकल्पाने पूर्णकाळाचे, म्हणजे 'लिट्'चे, प्रत्यय लागतात. म्हणून 'वेत्ति' आणि 'वेद' ही दोन्ही रूपे 'तो जाणतो' या एकाच अर्थाने शुद्ध. ग्रीक भाषा न ऐकताच पाणिनीने 'ओइदा'चे कोडे सूत्रबद्ध करून ठेवले होते, असे मी म्हणेन. सातव्या अध्यायात त्याने 'विद्वस्' या रूपाचीही तशीच वेगळी सोय लावली आहे. हे रूप आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: विद्वान. ग्रीकमध्ये याचा जुळा भाऊ आहे 'एइदोस', म्हणजे 'जाणणारा'. स्त्रीलिंगी रूप 'एइदुइआ', आणि होमरकडे 'इदुइआ'. मराठीत आपण 'विदुषी' म्हणतो. शेवटच्या भागात दोन्ही भाषांनी एकाच जुन्या स्त्रीलिंगी प्रत्ययाला आपापले वळण दिले आहे. एखाद्या लेखिकेचा विदुषी म्हणून आपण गौरव करतो, तेव्हा होमरच्या भाषेतला हा शब्द थोड्या वेगळ्या पोशाखात आपल्या तोंडी असतो.

आज्ञार्थ पाहा. 'जाण', 'ध्यानात घे' यासाठी ग्रीकमध्ये 'इस्थि'. गीतेत कृष्ण अर्जुनाला पुन्हापुन्हा 'विद्धि' म्हणतो, ते हेच रूप. मूळ भाषेत 'द' आणि 'ध' एकमेकांशेजारी आले. ग्रीकने त्या जोडीचे 'स्थ' केले, संस्कृतने 'द्ध'. 'तू जाणतोस' यातही तीच गोष्ट: ग्रीक 'ओइस्था', संस्कृत 'वेत्थ'. दोन जोड्या, एक नियम. विद्यार्थ्यांना मात्र इथे एक सापळा आहे. ग्रीकमध्ये 'अस'चा आज्ञार्थही 'इस्थि'च होतो, त्यामुळे संदर्भ पाहिल्याशिवाय 'जाण' की 'हो' हे ठरवता येत नाही.

उरलेली रूपे भराभर सांगतो. 'मला ठाऊक होते' यासाठी 'एदे', पुढे 'एदेइन'. 'मला कळेल' यासाठी 'एइसोमाइ'. 'जाणणे' हे क्रियार्थक रूप 'एइदेनाइ'. धातूचा 'पाहणे' हा जुना अर्थ 'एइदोन', म्हणजे 'मी पाहिले', या भूतकाळी रूपात टिकून राहिला. 'पाहतो' म्हणायला मात्र ग्रीक वेगळाच धातू, 'होराओ', घेतात, आणि 'पाहीन'साठी तिसराच. आपण 'जातो' म्हणतो आणि 'गेलो' म्हणतो, तसेच हे.

रूपांच्या या भेटीगाठीत एक अक्षर गहाळ आहे. 'वेद'मध्ये 'व' आहे, जर्मन 'वाइस'मध्ये आहे, लॅटिन 'विदेओ'मध्येही ('मी पाहतो') आहे, मग 'ओइदा'त का नाही? जुन्या ग्रीकमध्ये तो होता. त्याच्यासाठी 'दिगम्मा' नावाचे अक्षरही होते, पण अथेन्सच्या बोलीतून हा उच्चार फार लवकर लोपला. होमरच्या हस्तलिखितांतही तो कुठे लिहिलेला नाही. तरी तो तिथे आहे, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजचे रिचर्ड बेंटली यांच्या कानाने पकडले. ग्रीक छंदात एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की पहिला स्वर सहसा गिळला जातो. होमरमध्ये 'ओइदा'च्या रूपांपुढे असे व्हायला हवे तिथे पुष्कळदा होत नाही, जणू मध्ये एखादे व्यंजन उभे आहे. ते व्यंजन म्हणजे हरवलेला 'व'. बिओशिया प्रांतातल्या शिलालेखांत तर तो प्रत्यक्ष कोरलेला आढळतो. तिथे साक्षीदारांना 'विस्तोर' म्हटले आहे.

हा 'विस्तोर' अथेन्सच्या बोलीत 'हिस्तोर' झाला. आपल्या 'वेत्ता' शब्दाचा हा सख्खा नातेवाईक. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या अठराव्या सर्गात वीर अकिलीसच्या ढालीवर एक चौक चितारलेला आहे. खून झालेल्या माणसाच्या भरपाईवरून दोघे भांडत आहेत, आणि दोघांनाही 'हिस्तोर'पुढे निवाडा हवा आहे. पाहिलेला, म्हणून जाणणारा, म्हणून न्याय देणारा, असा हा माणूस. त्याच्या कामाला 'हिस्तोरिया' म्हणजे चौकशी म्हणू लागले. हेरोडोटसने इसवीसनपूर्व पाचव्या शतकात आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द वापरला, आणि युरोपातल्या अनेक भाषांत इतिहासाला तेच नाव पडले. इजिप्तबद्दल लिहिताना हेरोडोटस एका जागी थांबून सांगतो की इथवर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि विचारपूस करून ठरवलेले लिहिले, यापुढे इजिप्तच्या लोकांकडून ऐकलेले सांगतो. पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यात अशी रेघ ओढणारा लेखक मला फार विश्वासाचा वाटतो.

ही रेघ त्याच्याही आधीची आहे. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयला आलेल्या जहाजांची लांबलचक यादी सुरू होण्यापूर्वी कवी काव्यदेवतांना आवाहन करतो. त्याचा आशय असा: तुम्ही देवता आहात, तिथे हजर असता, म्हणून सर्व जाणता, आम्ही माणसे फक्त कीर्ती ऐकतो, जाणत काहीच नाही. मुळात 'तुम्ही जाणता' हे 'इस्ते' आहे आणि 'आम्ही जाणत नाही' यात 'इद्मेन' आहे. कीर्तीसाठी आलेला शब्द 'क्लेओस', म्हणजे आपला वैदिक 'श्रवस्'. ज्ञान हजर राहून पाहणाऱ्याचे, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी पडते ती केवळ वार्ता, अशी ही मांडणी आहे.

भारतात याच धातूचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला, आणि मला हा या साऱ्या कथेतला सर्वात विचार करायला लावणारा भाग वाटतो. 'विद्' धातूपासून जो ग्रंथसमूह 'वेद' म्हटला गेला, त्याचे दुसरे नाव 'श्रुती', म्हणजे ऐकलेले. ग्रीक कवीने ज्याला ज्ञानाच्या विरुद्ध बाजूला बसवले, ते ऐकणेच इथे ज्ञानाचे सर्वोच्च प्रमाण ठरले. तरी डोळ्याचा मान आपल्या परंपरेनेही सोडलेला नाही. ऋषी हे मंत्रांचे कर्ते नव्हेत, द्रष्टे मानले गेले. त्यांनी पाहिले आणि शिष्यांनी ऐकले. तत्त्वज्ञानाच्या शाखांना आपण 'दर्शने' म्हणतो, तेही याच धारणेतून.

होमरकडे या क्रियापदाचा आणखी एक वापर आहे, जो पुढच्या ग्रीकमध्ये क्षीण झाला. माणसाचा स्वभाव सांगतानाही तो 'जाणतो' असे म्हणतो. एकमेकांशी स्नेहाने वागणारे लोक 'प्रिय गोष्टी जाणतात'. गुहेत राहणारा एकाक्ष राक्षस पॉलिफेमस 'अधर्म जाणतो'. हेक्टरच्या प्रेताची विटंबना करणाऱ्या अकिलीसबद्दल अपोलो देव संतापून म्हणतो की तो सिंहासारखे हिंस्रपण जाणतो. आपण म्हणू, 'त्याच्या अंगात क्रौर्य आहे'. होमरच्या दृष्टीने ते जाणिवेत आहे. या प्रयोगांत माणूस जे जाणतो तेच तो असतो. ज्ञान आणि चारित्र्य यांत भेद नसलेली ही भाषा आहे. पुढे सॉक्रेटिसने सद्गुण म्हणजे ज्ञान असा आग्रह धरला, तेव्हा त्याच्या श्रोत्यांना तो विचित्र वाटला, पण होमर पाठ असलेल्या ग्रीकांच्या कानांना या विचाराची सवय आधीपासून असणार असे मला वाटते.

वाक्यरचनेत 'ओइदा' तीन तऱ्हांनी चालते. 'अमुक गोष्ट आहे हे मी जाणतो' असे सांगायला ग्रीक लोक कधी 'की'सारखा 'होति' जोडतात, तर कधी पुढच्या क्रियापदाचे विशेषणरूप वापरतात. 'अमुक करणे मला येते' असे म्हणायचे असेल तर क्रियार्थक रूप जोडतात. हेसिअडच्या 'थिओगनी' काव्यात हेलिकॉन पर्वतावर काव्यदेवता मेंढपाळ कवीला सांगतात की आम्हाला खऱ्यासारखी असत्येही सांगता येतात आणि मनात आले तर सत्यही. दोन्ही ठिकाणी मुळात 'इद्मेन' आहे, शेजारी क्रियार्थक रूप घेऊन. कवितेच्या सामर्थ्याची आणि धोक्याची इतकी जुनी व इतकी स्पष्ट कबुली एका क्रियापदाच्या या रचनेवर उभी आहे.

ग्रीकमध्ये 'जाणणे' एकट्या 'ओइदा'वर नव्हते. 'गिग्नोस्को' हे दुसरे क्रियापद आपल्या 'ज्ञा' धातूचे भावंड आहे, पण त्याचा रोख ओळखण्यावर, हळूहळू जाणून घेण्यावर असतो. 'एपिस्तामाइ' तिसरे. त्यात 'उभे राहणे' दडलेले आहे, आणि ते कौशल्य, शास्त्र, पारंगतता यांच्याकडे झुकते. ओडिसीच्या तिसऱ्या ओळीत नायकाबद्दल सांगितले आहे की त्याने अनेकांची नगरे पाहिली आणि त्यांची मने ओळखली. पहिल्या क्रियेला 'विद्'चे भावंड, दुसऱ्या क्रियेला 'ज्ञा'चे.

इसवीसनपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे सॉक्रेटिस उभा राहिला. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या भाषणाचा कणा 'ओइदा' हाच आहे. राजकारणी, कवी, कारागीर यांच्याकडे जाऊन त्याने पडताळले की ते खरोखर जाणतात, की जाणतो असे त्यांना नुसते वाटते. 'वाटते' यासाठी ग्रीक शब्द 'ओइओमाइ'. तो 'ओइदा'च्या इतका जवळ उच्चारला जातो की भाषणात हे दोन्ही शब्द एकमेकांवर आपटत राहतात. 'मला एवढेच कळते की मला काही कळत नाही' हे वाक्य सॉक्रेटिसच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते, पण प्लेटोत ते या शब्दांत नाही. तिथे तो अधिक नेमके बोलतो: जे मी जाणत नाही, ते जाणतो असे मला वाटत नाही. हा फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. पहिले वाक्य अज्ञानाची घोषणा आहे, दुसरे प्रामाणिकपणाची शिस्त. प्लेटोच्या 'मेनो' संवादात सॉक्रेटिस लारिसा गावाच्या वाटेचा दाखला देतो. वाट जाणणारा आणि वाटेचा बरोबर अंदाज असणारा, दोघेही गावी पोचवतील, मग फरक कशात, असा त्याचा प्रश्न. त्याच संवादात तो म्हणतो की आत्म्याने सारे आधीच पाहिले आहे, म्हणून शिकणे म्हणजे आठवणे. 'ओइदा'च्या पोटातला जुना अर्थच इथे तत्त्वज्ञान होऊन बाहेर आला आहे.

आणि सोफोक्लीसने तर या क्रियापदावर एक आख्खी शोकांतिका तोलून धरली. 'इडिपस', ग्रीक उच्चाराने 'ओइदिपूस', या नावाचा अर्थ 'सुजलेल्या पायाचा'. 'सुजणे' हा धातू वेगळा आहे, पण कानाला 'ओइदा' ऐकू येतेच. नाटककाराने ते मुद्दाम ऐकवले आहे. आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरिसियसशी भांडताना इडिपस स्वतःला 'काही न जाणणारा' म्हणवून घेतो आणि त्याला चिकटूनच स्वतःचे नाव उच्चारतो. पुढे कॉरिंथहून आलेला दूत राजाचे घर विचारतो तेव्हा लागोपाठ तीन ओळी एकाच ध्वनीने संपतात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत तो 'कुठे' या शब्दाचा आहे, मधल्या ओळीत राजाच्या नावाचा, आणि तिसरीत 'ओइदा'चे एक रूपही येते. डोळे असलेल्या राजाला सत्य दिसत नाही, डोळे नसलेला ते जाणतो. सत्य कळते तेव्हा राजा स्वतःचे डोळे फोडतो. पाहणे आणि जाणणे एकाच धातूत राहणाऱ्या भाषेत या कृतीचा घाव किती खोल लागत असेल, याची कल्पना करून पाहावी.

या धातूची इतर संतती आपल्या ओळखीची आहे. 'एइदोस' म्हणजे दिसणारे रूप (वर आलेल्या 'जाणणारा'पेक्षा हा शब्द निराळा, याचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे) आणि 'इदेआ' हे शब्द प्लेटोने आपल्या तत्त्वज्ञानाचा पाया म्हणून घेतले. 'इदेआ'वरून इंग्रजीमार्गे आपली 'आयडिया' आली. 'कॅलिडोस्कोप'मध्ये 'एइदोस' आहे. 'व्हिडिओ' लॅटिनमधून आला, पण त्याचा 'व्ह' तोच, जो ग्रीकने गमावला.

खुद्द ग्रीकमध्ये क्रियापद झिजत गेले. बोलणाऱ्यांना 'ओइद्' आणि 'इद्' ही फोड जड वाटू लागली आणि 'ओइदामेन' अशी सरळ केलेली रूपे रुळली. हेरोडोटसकडेही ती डोकावतात, आणि नव्या कराराच्या ग्रीकमध्ये तर तीच नेहमीची. आजच्या ग्रीकमध्ये 'मी जाणतो'साठी 'क्सेरो' म्हणतात. तो शब्द 'शोधून काढले' या अर्थाच्या जुन्या भूतकाळी रूपातून घडला आहे. पूर्वी पाहिले म्हणून जाणले, आता शोधले म्हणून जाणले: नवा शब्दही जुन्याच वाटेने आला. 'ओइदा' पूर्ण गेलेले नाही. 'देव जाणे' या अर्थाने 'किरिओस इदे' हा प्रयोग आजही ग्रीक माणसाच्या तोंडी येतो. दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांना ते 'इदिसिस' म्हणतात, आणि तेही याच धातूचे नाम.

ग्रीक शिकायला घेणाऱ्या मराठी वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे. 'ओइदा'ची सहा रूपे पाठ करायला बसण्यापूर्वी कागदाच्या दुसऱ्या रकान्यात वेद, वेत्थ, वेद, विद्म, विद, विदुः ही सहा रूपे लिहा आणि दोन्ही रकाने एकदा मोठ्याने वाचा.